बॉडी किट म्हणजे बेंदराची झूल नव्हे

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागात रेसिंग गेमच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांचे कार्यकर्ते आणि गेमिंग कॅफेचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की गल्लोगल्ली स्पर्धांचे फलक लागतात. रांगोळी, कॅरम, संगीत खुर्चीच्या रांगेत आता गेमिंगही आलं आहे, आणि गेमिंग म्हटलं की कार रेसिंग आलंच. फलकाच्या तळाशी बारीक अक्षरांत नियम असतात. त्यातली 'बॉडी किट, रंग, स्टिकर चालतील. परफॉर्मन्स पार्ट चालणार नाहीत' या धाटणीची ओळ आम्हाला खटकते. हे पत्र तेवढ्या एका ओळीबद्दल आहे.

ओळ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे. पोरांना गाडी नटवू द्यावी, पण इंजिनाला हात लावू देऊ नये. चूक एवढीच, की बॉडी किट, म्हणजे बंपर, फेंडर, विंग अशा बाहेरच्या भागांचा संच, रंगाच्या पंगतीत बसवलं आहे. कर्नाटकी बेंदराला बैलाची शिंगं रंगवतात, बेगड लावतात, पाठीवर झूल टाकतात. त्यानं बैल जोरात पळत नाही. गेममधलं बॉडी किट मात्र काही ठिकाणी झूल असतं आणि काही ठिकाणी बैलच बदललेला असतो. कुठे काय, हे गेमवर ठरतं. शर्यतीच्या मैदानात आदत (अजून पक्के दात न आलेल्या) गटात चौसा (चार दातांचा) बैल आणला तर पंच जबडा उघडून दात बघतात आणि परत पाठवतात. झूल कितीही साधी असली तरी दात लपत नाहीत. आपल्या गेमिंग स्पर्धेत हे दात बघायचं कामच कुणी करत नाही.

आधी किट गाडीचं नेमकं काय बदलतं ते सांगतो. पहिली गोष्ट रुंदी. वाइड बॉडी म्हणजे फेंडर, अर्थात चाकांवरचे पत्रे, बाहेर काढलेली बॉडी. फेंडर बाहेर आले की रुंद टायर बसतात आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतरही वाढवता येतं. वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकतं, याचा हिशेब सोपा आहे: वजन गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले चाकांमधलं अंतर, आणि वळणाचा जोर जितक्या जीचा (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा जोर) तितक्या पट. १,००० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर, चाकांमधलं अंतर १४८ सेंटिमीटर आणि वळणाचा जोर १ जी धरला, तर साधारण ३३८ किलो भार बाहेर जातो. हेच अंतर १५६ सेंटिमीटर केलं की तो ३२१ किलोच्या आसपास येतो. फरक फक्त १७ किलोंचा, पण प्रत्येक वळणावर मिळणारा. आतला टायर तेवढा जास्त धरून राहतो. त्यात टायरही रुंद झालेला असेल तर इंजिनाला हात न लावता लॅपमागे वेळ कमी होतो.

दुसरी गोष्ट डिकीवरची आडवी पट्टी, म्हणजे विंग, आणि पुढच्या बंपरखालची फळी, म्हणजे स्प्लिटर. हवेचा दाब, म्हणजे डाउनफोर्स, वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. एखादी विंग ताशी २०० किलोमीटरला १०० किलो दाब देत असेल तर १०० च्या वेगाला ती फक्त २५ किलो देते आणि ७० ला जेमतेम १२. म्हणून हेअरपिनांनी (अगदी उलट फिरवणाऱ्या वळणांनी) भरलेल्या छोट्या ट्रॅकवर भली मोठी विंग लावलेली गाडी सरळ पट्ट्यावर मागे पडते. तिथे विंग म्हणजे निव्वळ ओझं आणि हवेचा अडथळा. लांब, वेगवान वळणांच्या ट्रॅकवर मात्र तीच विंग बाजी मारून देते. विंग चालेल की नाही, हे ट्रॅक ठरवल्याशिवाय ठरवूच नये. शिवाय मागे विंग लावून पुढे काहीच लावलं नाही तर वेगात पुढची चाकं हलकी पडतात आणि गाडी वळायला नकार देते. नवख्या पोरांची तक्रार नेमकी हीच असते, 'विंग लावली आणि गाडी भिंतीत जायला लागली.' विंगेचा दोष नसतो, तिची जोडी पुढे नसते.

तिसरी गोष्ट वजन, आणि ती सगळ्यात जास्त विसरली जाते. किटमुळे वजन कमीही होतं आणि वाढतंही. मोठ्या रिमचं तर विचारूच नका. फोर्झा मालिकेच्या गेममध्ये रिमचा आकार वाढवला की वजन वाढतं, तरी दिसायला भारी म्हणून सगळे तेच करतात.

आता गेमवार बघू.

नीड फॉर स्पीड हीट (२०१९) मध्ये बंपर, स्कर्ट, फेंडर, बॉनेट हे सगळं दिसण्यापुरतं. वेग ठरतो इंजिन, गिअरबॉक्स, टायर, सस्पेन्शनवर. तिथे तुमची फलकावरची ओळ जशीच्या तशी चालेल. जुन्या पीसीवर अंडरग्राउंड २ (२००४) खेळवत असाल तर तिथेही दिखाऊ पार्ट आणि कामाचे पार्ट वेगवेगळ्या दुकानांत आहेत, भांडण कमी. जाता जाता एक टोमणा: त्या गेमनं एका अख्ख्या पिढीला वाईट सवय लावली. जितके पार्ट लावाल तितके दिसण्याचे तारे वाढत. तेव्हापासून छतावर स्कूप, बॉनेटवर स्कूप, डिकीवर दोन मजली विंग आणि खाली निऑन, असा सगळा बाजार एकाच गाडीवर मांडायची रीत पडली. त्याच मालिकेतल्या प्रोस्ट्रीटमध्ये (२००७) मात्र बंपर-विंगचा आकार ऑटोस्कल्प्टनं (पार्टला हवा तसा आकार द्यायच्या सोयीनं) बदलला की हवेचं गणित बदलत असे आणि ते बघायला विंड टनेलही दिलं होतं. म्हणजे एकाच मालिकेत, तीन वर्षांच्या अंतरानं, एकदा झूल आणि एकदा बैल. 'नीड फॉर स्पीड आहे, चालतंय' असं म्हणून सुटका नाही.

फोर्झा होरायझन ५ मध्ये प्रकरण गंभीर आहे. तिथे प्रत्येक गाडीला तिची एकूण क्षमता सांगणारा पीआय नावाचा आकडा असतो. ५०० पर्यंत डी वर्ग, ५०१ ते ६०० सी, ६०१ ते ७०० बी, ७०१ ते ८०० ए, ८०१ ते ९०० एस१, ९०१ ते ९९८ एस२ आणि ९९९ ला एक्स. बॉडी किट हा तिथे अपग्रेडच्या दुकानातला पार्ट आहे, रंगाच्या दुकानातला नाही. एवढ्या एका गोष्टीवरूनच तुमची ओळ कोसळते. किट बसवलं की वजन बदलतं, टायरच्या रुंदीचे आणि चाकांमधल्या अंतराचे पर्याय बदलतात, पीआय हलतो. सी वर्गाच्या काठावर ६०० ला टेकलेली गाडी एका पार्टनं ६०१ झाली की थेट बी वर्गात जाते आणि ऐन वेळी शर्यतीत घेताच येत नाही. हा झाला भोळ्या खेळाडूचा घोटाळा.

हुशार खेळाडूचा घोटाळा उलटा असतो. तो वाइड बॉडी बसवतो, सगळ्यात रुंद टायर घेतो, चाकं बाहेर काढतो आणि वाढलेला पीआय खाली आणायला इंजिनाचे पार्ट उतरवतो. आकडा बरोब्बर ६००. इंजिनाचा पार्ट एकही वाढवलेला नाही, उलट काढलेलाच आहे! वळणावळणाच्या रस्त्यावर ही गाडी बाकीच्यांना पाठ दाखवून जाते. यात लबाडी काही नाही, हे ट्यूनिंगचं रीतसर कसब आहे. फक्त ते सगळ्यांना खुलं हवं किंवा सगळ्यांना बंद. तुमची ओळ ते फक्त माहीतगाराला खुलं ठेवते.

आणखी एक बारीक गोष्ट. होरायझनमध्ये विंगा दोन जातींच्या असतात. फोर्झा एरो नावाची विंग आणि पुढचा बंपर लावला की ट्यूनिंगच्या पानावर एरोची पट्टी उघडते आणि दाब कमी-जास्त करता येतो. बाकी कितीतरी विंगा नुसत्या शोभेच्या असतात, त्यांनी पट्टी उघडत नाही. तपासणीत विंग दिसते का ते बघत बसू नका. एरोचं पान उघडं आहे की कुलूपबंद, ते बघा. पाच सेकंदांत निकाल लागतो.

या गेममध्ये एकाच टीव्हीवर पडदा वाटून खेळता येत नाही, प्रत्येकाला वेगळं मशीन लागतं. म्हणून कॅफेवाल्यांनी इव्हेंटलॅबमध्ये, म्हणजे गेममधल्याच शर्यत बांधायच्या सोयीत, आधीच शर्यत बांधून ठेवावी. हा आराखडा, म्हणजे ब्लूप्रिंट, करताना गाडीचा वर्ग आणि कोणत्या गाड्या चालतील हे ठरवून टाकता येतं. मग निदान वर्गाचा वाद तरी दारातच मिटतो. सगळ्यांना एकसारखी गाडी द्यायची असेल तर एकानं चांगलं ट्यून करून शेअर करावं आणि त्याचा शेअर कोड फलकावर लिहावा. त्या मॉडेलची गाडी असली की कोड टाकून तेच ट्यून, त्याच पार्टांसह, कोणालाही उतरवून घेता येतं. रंग ज्याचा त्याचा.

ग्रॅन टुरिस्मो ७ बद्दल जास्त लिहितो, कारण मंडळाच्या मांडवात टीव्ही आणि पीएस५ आणून खेळवायला तो सोयीचा आहे. नोव्हेंबर २०२३ च्या स्पेक २ अपडेटनंतर पीएस५ वर चौघांना एकाच पडद्यावर खेळता येतं. शिवाय त्यात सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट आणि जिम्नी आहेत. आपल्या रस्त्यांवर रोज दिसणाऱ्या गाड्यांची भावंडंच ही, त्यामुळे बघ्यांनाही मजा येते.

इथला गाडीच्या क्षमतेचा आकडा पीपी. गाडीचे पार्ट आणि सेटिंग दोन्ही बघून तो काढला जातो, त्यामुळे राइड हाइट (गाडीची जमिनीपासूनची उंची) किंवा डाउनफोर्स हलवला तरी पीपी हलतो. समोरचा बंपर, साइड, मागचा बंपर, विंग हे जीटी ऑटोमधल्या कस्टमायझेशनच्या पानावर मिळतात आणि हवे तेव्हा काढता येतात. वाइड बॉडी मात्र तिथे नाही. ती ऑइल बदलण्याच्या, इंजिन ओव्हरहॉलच्या पानावर आहे, आणि एकदा बसवली की परत काढता येत नाही. या एका गोष्टीनं स्पर्धेचा विचका होऊ शकतो. चार खेळाडूंसाठी चार सारख्या गाड्या ठेवल्या आहेत आणि आदल्या रात्री कुणा हौशी कार्यकर्त्यानं त्यातल्या एकीला वाइड बॉडी मारली, तर त्या गाडीवर इलाज नाही. तिचं मॉडेल पुन्हा विकत घ्या, सगळे पार्ट पुन्हा बसवा. म्हणून गाड्या तयार झाल्या की कंट्रोलर कुलपात!

गाड्या तयार करायची आमची पद्धत अशी. एकाच मॉडेलच्या चार नाहीत, पाच गाड्या विकत घ्या. पाचवी राखीव. पाचहीना सारखेच टायर चढवा. रोजच्या गाडीला स्पोर्ट्स हार्ड पुरे. रेसिंग सॉफ्ट दिले की पकड इतकी वाढते की चुका झाकल्या जातात आणि निकाल नशिबावर जातो. कस्टम विंग आणि पुढचा बंपर द्यायचा तर पाचहीना द्या आणि डाउनफोर्सचे दोन्ही आकडे सारखे टाका. मग प्रत्येकीचं सेटिंगचं पान उघडून पीपी वाचा. पाचही आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळले पाहिजेत. एक जरी वेगळा आला तर नव्वद टक्के वेळा कारण टायर किंवा राइड हाइट असतं, तेच आधी बघा. नवी गाडी आणि आधी पळवलेली जुनी गाडी मिसळू नका. जुनीचं ऑइल काळं झालेलं असेल तर तिची ताकद उतरलेली असते. हे सगळं जमलं की रंग, चाकाचं डिझाइन, स्टिकर पोरांवर सोडा. रिमचा आकार आणि रुंदी मात्र नाही.

राइड हाइटबद्दल एक सावधगिरी. गाडी जमिनीला चिकटलेली दिसली की पोरं खूश होतात, पण फार खाली घेतली की सस्पेन्शनला दबायला जागाच उरत नाही. कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवर) चढली की गाडी उसळते आणि चारही चाकं हवेत. दिसण्यासाठी खाली करायचीच असेल तर १० मिलिमीटरच्या टप्प्यानं करा, प्रत्येक टप्प्याला एक लॅप मारा आणि कर्बवर उसळायला लागली की एक टप्पा वर घ्या.

नेटचंही बघून ठेवा. हा गेम नेटशिवाय अर्धवटच चालतो, गॅरेज आणि लिव्हरी (गाडीवरची रंग-स्टिकरची सजावट) उघडायला जोडणी लागते. मांडवातल्या वायफायवर विसंबू नका, त्यावर आधीच पन्नास मोबाइल लटकलेले असतात. एका मोबाइलचा हॉटस्पॉट फक्त कन्सोलसाठी राखून ठेवा. आणि बाहेरच्या खेळाडूला 'तुझी गाडी पेनड्राइव्हवर घेऊन ये' असं सांगू नका. गाडी त्याच्या खात्याला बांधलेली असते.

असेटो कोर्सा खेळवणाऱ्या पीसी कॅफेंना वेगळं सांगावं लागेल, कारण तिथे मॉड (खेळाडूंनीच बनवलेल्या गाड्या आणि पार्ट) चालतात आणि मॉडची बॉडी किट हा सगळ्यात निसरडा रस्ता. मॉडच्या फोल्डरमध्ये दिसणारी गाडी केएन५ फाइलमध्ये असते आणि चालणारी गाडी डेटा डॉट एसीडीमध्ये. किट बनवणारा कधी फक्त पहिली बदलतो, कधी दोन्ही. दोन पीसीवर एकाच नावाची पण वेगळ्या डेटाची गाडी असेल तर सर्व्हर चेकसमची, म्हणजे फाइल जुळत नसल्याची, तक्रार करून खेळाडूला बाहेर काढतो. उपाय एकच: एका पीसीवर गाडी तपासायची, तिचं आख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचं, बाकी पीसीवरचं जुनं फोल्डर आधी पुसायचं आणि मग नवं टाकायचं. जुन्यावरच चिकटवलं की काही जुन्या फाइल मागे राहतात आणि पुन्हा तेच रडगाणं.

तपासायचं काय? डेटा उघडून एरो डॉट आयएनआय ही फाइल बघा. प्रत्येक विंगेसाठी त्यात वेगळा भाग असतो आणि त्या भागात सीएल गेन आणि सीडी गेन अशा दोन ओळी असतात. पहिली दाबाची, दुसरी हवेच्या अडथळ्याची. दाब भरपूर आणि अडथळा शून्य दिसला की ती गाडी बाद करा. फुकटची पकड जगात नसते. मग सस्पेन्शन्स डॉट आयएनआय उघडून पुढच्या-मागच्या भागातली ट्रॅकची, म्हणजे चाकांमधल्या अंतराची, ओळ वाचा, ती मीटरमध्ये असते. मूळ गाडी आणि किटची गाडी यांत हा आकडा वेगळा असेल तर किट झूल नाही. आकडा तोच आणि फक्त ग्राफिक्स ऑफसेटच्या ओळी बदललेल्या असतील तर चाकं फक्त दिसायला बाहेर सरकली आहेत, पळण्यात फरक नाही. शेवटी कोलायडर. फेंडर एक वीत बाहेर काढले पण धक्क्याची अदृश्य पेटी जुनीच ठेवली, तर शेजारची गाडी फेंडरच्या आरपार जाते. मग 'त्यानं ठोकलं', 'मी लागलोच नाही' यावर अर्धा तास जातो. असं किट दिसायला कितीही देखणं असलं तरी शर्यतीत नको.

स्किनचा घोळ वेगळाच. स्किन, म्हणजे गाडीवर चढवलेलं रंगाचं चित्र, निरुपद्रवी असते, तिनं वेग बदलत नाही, पण मशीन गुदमरतं. ४०९६ बाय ४०९६ चं एक टेक्स्चर न दाबता ठेवलं की ते ६४ एमबी खातं. मिपमॅप (लांबून दाखवायच्या त्याच्या लहान प्रती) धरले तर ८५. १२ गाड्यांच्या १२ स्किन म्हणजे एका टेक्स्चरपायीच १ जीबी. २ किंवा ४ जीबीच्या ग्राफिक्स कार्डवर पहिल्याच वळणाला, सगळ्या गाड्या एकत्र दिसत असताना, गेम अडखळतो. तेच टेक्स्चर डीएक्सटी५ या दाबायच्या पद्धतीनं डीडीएस फाइल करून दिलं की १६ एमबी, मिपमॅपसह २१. नियमातच लिहा: स्किन डीएक्सटी५, आकार जास्तीत जास्त २०४८. टीव्हीवर बघणाऱ्याला फरक कळत नाही.

मोबाइलवरच्या स्पर्धांचं इथे लिहीत नाही. जिथे पैसे भरून अपग्रेड वाढतात तिथे बॉडी किटचा वाद फार दुय्यम आहे.

आता तपासणी. आरटीओत गाडीचं पासिंग होतं तसं इथेही पासिंग ठेवा, शब्द सगळ्यांना कळतो. एक टेबल, एक कार्यकर्ता, एक वही. प्रत्येक गाडीचे तीन फोटो मोबाइलवर काढायचे: पार्टांची यादी, सेटिंगचं पान, आणि बाहेरून गाडी. वहीत खेळाडूचा क्रमांक, पीआय किंवा पीपी, टायरचा प्रकार, आणि वाइड बॉडी आहे की नाही, एवढंच. एका गाडीला चार मिनिटं धरली तर १६ खेळाडूंना तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. उद्घाटनाची भाषणं चालू असतात तेव्हा हे काम सहज उरकतं. पासिंगनंतर कोणी मेनूत शिरायचं नाही. अंतिम फेरीआधी फक्त सेटिंगचं पान पुन्हा उघडून फोटोशी ताडायचं. वाद झाला की फोटो दाखवायचा, आवाज चढवायचा नाही.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग बॉडी किट बंदच करू या. तसं करू नका. गाडी सजवण्यातच निम्म्या पोरांचा जीव असतो, आणि शर्यत न येणाऱ्याचाही हात चांगला असू शकतो. त्यासाठी सजावटीचं बक्षीस वेगळं ठेवा आणि त्यातली गाडी शर्यतीत आणू नका. गुण कशाला द्यायचे? पार्टांच्या संख्येला तर अजिबात नाही. डेंटिंग-पेंटिंगचा जुना मिस्त्री गाडीकडे बघतो तसं बघा. तो आधी बाजूनं, खाली बसून, लाइन बघतो. पुढच्या बंपरची खालची कड, साइड स्कर्टची कड आणि मागच्या बंपरची कड एका रेषेत वाहते का? पुढचं किट एका घराण्याचं आणि मागचं दुसऱ्या, असं झालं की ही रेष दाराजवळ तुटते. विंगेची रुंदी आरशांच्या बाहेर जात असेल तर ती टपावर ठेवलेल्या शिडीसारखी दिसते. चाक आणि फेंडर यांतली फट पुढे-मागे सारखी हवी. फोटो मोडमध्ये कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणि ऊन आडवं घ्या. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात सगळ्याच गाड्या सपाट दिसतात. आमच्या मते १०० पैकी ४० गुण जुळणीला, ३० रंगाला, ३० अक्षरांना. कल्पकतेला वेगळे गुण नकोत, ती या तिन्हींत दिसतेच.

अक्षरांना ३० का, तर आपल्या भागातल्या गाड्यांच्या पाठी वाचल्या आहेत म्हणून. एकाच बसस्टँडसमोर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत आई-बाबांचे आशीर्वाद उभे असतात. ते गेममध्ये आणायला पोरांना फार आवडतं, पण बहुतेक गेमच्या लिव्हरीत देवनागरी टाइपच होत नाही. ग्रॅन टुरिस्मोत वाट आहे: एसव्हीजी फाइल अपलोड करायची. मुख्य अट ही, की फाइल १५ केबीच्या आत हवी. इंकस्केपमध्ये मुक्तासारख्या साध्या, जाड युनिकोड फॉन्टात मजकूर लिहा. मग पाथ मेनूतून ऑब्जेक्ट टू पाथ करा. हे विसरलात तर फाइलमध्ये अक्षरं राहतात पण फॉन्ट राहत नाही, आणि गाडीवर कोरी जागा येते. त्यानंतर युनियन करा, म्हणजे शिरोरेखेचे तुकडे जोडले जाऊन बिंदू कमी होतात. ऑप्टिमाइझ्ड एसव्हीजी म्हणून साठवा आणि केबी बघा. तरीही मोठी असेल तर सिम्प्लिफाय एकदाच वापरा. दोनदा केलं की 'श्री' ची गाठ विरघळते. तीन शब्दांपेक्षा जास्त मजकूर असेल तर दोन फाइल करा. होरायझनमध्ये ही सोय नाही, तिथे आकारांतून अक्षर रचावं लागतं: शिरोरेखेला एक लांब आयत, कान्याला एक उभा आयत, 'व' च्या पोटाला एक वर्तुळ आणि त्यात गाडीच्या रंगाचं लहान वर्तुळ. 'बेळगाव' जमतं. 'ज्ञानेश्वर' ला रात्र जाते. आणि कोणत्या लिपीत लिहायचं यावर नियम करू नका. समोरच्याला डिवचणारा मजकूर कोणत्याच लिपीत नको, एवढं पुरे. देवाचं चित्र चाकाच्या वर किंवा बंपरवर नको, हे पोरांना आधीच सांगा, नंतर वाद नको.

बक्षिसाचंही एक. 'पहिल्या क्रमांकाला खऱ्या गाडीचं बॉडी किट' अशी कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर ती सोडून द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेली उत्पादकाची मूळ मांडणी परवानगीशिवाय बदलता येत नाही, आणि गेममधला फेंडर पडद्यावर बसतो तितक्या सहज आपल्या बेळगावच्या केए-२२ च्या गाडीवर बसत नाही. चोर्ला घाटातला एक खड्डा पुढच्या बंपरखालच्या लिपचा हिशेब चुकता करतो. चांगला कंट्रोलर द्या.

राहता राहिली फलकावरची ओळ. तिच्या जागी हा मजकूर जसाच्या तसा छापलात तरी चालेल: 'रंग, स्टिकर, रिमचं डिझाइन खुलं. बॉडी किट, वाइड बॉडी, विंग, स्प्लिटर, रिमचा आकार, टायरची रुंदी आणि राइड हाइट हे सर्व परफॉर्मन्स पार्ट धरले जातील. ते मंडळानं ठरवल्याप्रमाणे सर्वांना सारखेच असतील. पासिंगनंतर बदल आढळल्यास ती फेरी बाद. सजावटीची स्पर्धा स्वतंत्र, तिथे सर्व खुलं.' नीड फॉर स्पीड हीट खेळवत असाल तर बॉडी किट, वाइड बॉडी, विंग आणि स्प्लिटर पहिल्या वाक्यात घ्या, बाकी तसंच ठेवा.

पासिंगच्या टेबलाला माणूस कमी पडत असेल तर सांगा, आम्ही येतो. वही आमची आणू.

कळावे,
गाड्या पळवणारे आणि ट्यून करून देणारे आपले काही जण,
बेळगाव